लेडी नेल्सन : दोन वर्षांचा शोध आणि बावीस वर्षांची सरकारी चाकरी

१)
ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा इतिहास वाचू लागले की ‘लेडी नेल्सन’ हे नाव फार लवकर भेटते. ६० टनांचे, जेमतेम साडेबावन्न फूट लांबीचे शिडाचे ब्रिग. १८०० साली ते एकट्याने अर्धी पृथ्वी ओलांडून सिडनीला पोहोचले आणि वाटेत बासची सामुद्रधुनी पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करणारे पहिले युरोपीय जहाज ठरले. हे सगळे खरे आहे. मात्र एवढे सांगून जी कथा संपवली जाते ती दिशाभूल करणारी आहे, असे माझे म्हणणे आहे. हा धागा त्या म्हणण्याच्या समर्थनार्थ आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२)
आधी साधा हिशेब. हे गलबत डिसेंबर १८०० मध्ये सिडनीत आले आणि फेब्रुवारी १८२५ मध्ये नष्ट झाले. म्हणजे चोवीस वर्षांहून थोडा अधिक काळ ते न्यू साउथ वेल्सच्या वसाहत सरकारच्या दिमतीला होते. त्यातला किनाऱ्याच्या पाहणीचा काळ डिसेंबर १८०० ते ऑक्टोबर १८०२, म्हणजे पुरती दोन वर्षेसुद्धा नाहीत. उरलेल्या बावीस वर्षांत, दुरुस्तीविना बंदरात पडून राहिल्याचा काळ सोडला, तर त्याने कैदी वाहिले, शिपाई वाहिले, धान्य आणि कोळसा वाहिला, घरातून उठवलेली माणसे वाहिली. तरीही ओळख एकच : ‘शोधमोहिमेचे जहाज’.

३)
ही ओळख आली कुठून? जहाजाचा पहिला कप्तान लेफ्टनंट जेम्स ग्रँट याने १८०३ साली लंडनमध्ये आपले प्रवासवर्णन छापले आणि शीर्षकातच त्या सफरीला शोधाची सफर म्हटले. पुढे १९१५ साली आयडा ली यांनी जहाजाच्या रोजनिशींवर आधारित ग्रंथ सिद्ध केला. परिश्रमपूर्वक केलेले ते काम आजही उपयोगी पडते. पण रोजनिशी लिहिणारा डेकवर उभा असतो. तळघरात कोण बसले आहे आणि किनाऱ्यावरून कोण पाहत आहे, याची नोंद तो आपल्या गरजेपुरतीच करतो. आपण त्याची दुर्बीण घेतली आणि तिलाच इतिहास म्हणू लागलो.

४)
मराठीत ही अडचण अधिक गडद होते. ‘शोध लागला’ म्हटले की कर्ता गळून पडतो. कोणाला लागला, कोणाच्या दृष्टीने ती जागा हरवलेली होती, हे प्रश्न वाक्य उपस्थितच होऊ देत नाही. ‘वास्को द गामाने भारताचा शोध लावला’ या वाक्याची आपण आता थट्टा करतो, कारण कालिकतच्या बाजारातल्या अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांना भारत आधीच सापडलेला होता. मग ऑस्ट्रेलियाबाबत तीच थट्टा का सुचत नाही? तिथे आपल्या ओळखीचे बाजार नव्हते, गोद्या नव्हत्या, म्हणून तिथे कोणी नव्हतेच असे आपणही मनोमन धरून चालतो. वसाहतवाद्यांचे नेमके हेच गृहीतक होते.

५)
आता जहाज. १७९८ साली थेम्सकाठच्या डेप्टफर्ड येथे ते बांधले गेले. त्याचे वैशिष्ट्य होते सरकते कील. एरवी जहाजाच्या तळाचा कणा पक्का बसवलेला असतो. या जहाजाला तीन कील होते आणि ते खोक्यांतून वर ओढता किंवा खाली सोडता येत. खोल समुद्रात ते खाली सोडावेत म्हणजे जहाज वाऱ्याने बाजूला ढकलले जात नाही. उथळ पाण्यात वर घ्यावेत म्हणजे सुमारे सहा फूट पाण्यातही ते तरते. नदीच्या मुखात, वाळूच्या दांड्यावरून, खाडीत, मोठी जहाजे जिथे नांगर टाकून थबकत तिथे हे आत शिरू शकत असे.

६)
ही कल्पना कॅप्टन जॉन शँक यांची. तिचा जन्मही पाहण्यासारखा आहे. १७७४ साली, अमेरिकी वसाहतींतील असंतोष पेटत असताना, शँक यांनी बॉस्टनमध्ये लॉर्ड पर्सी या लष्करी अधिकाऱ्यासाठी अशी पहिली बोट बांधली. पुढे त्याच युद्धात शँप्लेन सरोवरावर ब्रिटिश आरमार उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. उथळ पाण्यातून परक्या भूमीच्या आत कसे शिरायचे, हा ज्याचा व्यवसाय होता त्याच्या कारागिरीचे फळ म्हणजे लेडी नेल्सन. तंत्र म्हणून ते कौतुकास्पद आहे, यात वाद नाही. ते कशासाठी हवे होते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे, एवढेच.

७)
कौतुकही प्रमाणात असावे. हे जहाज इतके लहान होते की थेम्सवरच्या खलाशांनी त्याचे नाव ‘महाराजांची चकमकपेटी’ असे ठेवले होते. ते सरकते कील वारंवार मोडत. १८०२ च्या जुलैत मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’बरोबर त्याला उत्तरेच्या पाहणीस पाठवले, तेव्हा कील आणि नांगर गमावून ते इतके मागे पडू लागले की ऑक्टोबरात फ्लिंडर्स यांनी त्याला सिडनीला परत धाडले. इन्व्हेस्टिगेटरवर आलेला नानबारी हा सिडनीचा आदिवासी तरुणही त्याच्यासोबत घरी परतला. शोधाच्या जहाजाची शोधातली कारकीर्द जवळजवळ इथेच आटोपली.

८)
‘सामुद्रधुनीतून पहिले’ या विक्रमाची पार्श्वभूमीही ऐकावी. फेब्रुवारी १७९७ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला निघालेले ‘सिडनी कोव्ह’ हे व्यापारी जहाज टास्मानियाच्या ईशान्येकडील एका बेटाजवळ रुतले. मदत आणण्यासाठी १७ जण होडीने निघाले. त्यांतले १२ हिंदुस्थानी लास्कर, म्हणजे खलाशी होते. होडी फुटली. मग ते सहाशे किलोमीटरांहून अधिक किनारा पायी तुडवत उत्तरेकडे चालले. वाटेत किनाऱ्यावरच्या आदिवासींनी त्यांना अनेकदा खाऊ घातले, नद्या पार करून दिल्या. कुठे चकमकीही झाल्या. मे महिन्यात सिडनीजवळ पोहोचले ते तिघे : दोन युरोपीय आणि एक लास्कर.

९)
बेटावर उरलेल्यांना आणायला वसाहतीचे सरकारी स्कूनर ‘फ्रान्सिस’ आणि ‘एलायझा’ ही लहान नौका निघाल्या. परतताना वाचवलेल्या लास्करांसह एलायझा समुद्रात नाहीशी झाली. या दुर्घटनेतून आणि त्या पाण्यातील प्रवाहांच्या निरीक्षणांतून ‘इथे सामुद्रधुनी असावी’ हा संशय बळावला आणि १७९८-९९ मध्ये बास व फ्लिंडर्स यांनी टास्मानियाला वळसा घालून तो पक्का केला. सामुद्रधुनीला बासचे नाव मिळाले. सहाशे किलोमीटर चालून आलेल्या त्या लास्कराचे नाव रूढ कथांत क्वचितच आढळते. आणि ज्यांचे पूर्वज समुद्र चढण्याआधी त्याच भूमीवरून चालत टास्मानियात गेले, त्यांचा उल्लेख तर प्रस्तावनेतही नसतो.

१०)
३ डिसेंबर १८०० रोजी ग्रँट यांना जमीन दिसली. समुद्रातूनच त्यांनी नावे द्यायला सुरुवात केली : माउंट गँबियर, एका अॅडमिरलवरून; माउंट शँक, जहाजाच्या रचनाकारावरून; केप नॉर्थंबरलंड, एका सरदारावरून. त्या भूमीवर बोआंडिक लोक राहत होते. किनाऱ्यावर पाऊल न ठेवता केलेले हे बारसे शंभर-दोनशे वर्षे टिकले. पुढे माउंट गँबियर गावात लेडी नेल्सनची प्रतिकृती उभारून तिच्याभोवती ‘डिस्कव्हरी सेंटर’ थाटले गेले. आज त्या गावाच्या इंग्रजी नावाशेजारी ‘बेरिन’ हे बोआंडिक नावही लिहिले जाऊ लागले आहे. म्हणजे ज्यांनी ‘शोधा’चा वारसा मिरवला त्यांनीही फेरविचार सुरू केला आहे. आपण दूर बसून जुनीच ओळ का गिरवावी?

११)
मार्च १८०१. ग्रँट वेस्टर्न पोर्टच्या खाडीत आले. सोबत सर्वेक्षक फ्रान्सिस बॅरालिये, वनस्पतिसंग्राहक जॉर्ज केली आणि सिडनीकडचे एक आदिवासी जोडपे, युरानाबी व वोरोगन. एका छोट्या बेटावर जमीन खणून गहू, मका आणि भाज्या पेरल्या. बियाणे देणाऱ्या डेव्हनच्या जॉन चर्चिल यांचे नाव बेटाला मिळाले. डिसेंबरात पुढचा कप्तान जॉन मरे आला तेव्हा गहू पिकत आला होता. स्थानिक पुस्तिकांत हा प्रसंग फार हळुवारपणे सांगितला जातो : व्हिक्टोरियातली पहिली बाग, पहिले पीक.

१२)
हा हळुवारपणाच मला खटकतो. त्या काळच्या इंग्रजी समजुतीप्रमाणे जमिनीवरचा हक्क नांगरटीने सिद्ध होत असे. जो पेरतो तो मालक. जो कंद खणतो, मासे धरतो, ठरावीक ऋतूत गवत जाळून भूमी राखतो, तो केवळ फिरस्ता. अशा समजुतीत गव्हाचा वाफा ही प्रयोगाची गोष्ट राहत नाही, ती दाव्याची पूर्वतयारी होते. ग्रँट स्वतः दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या लिखाणात कुतूहल आहे, क्वचित माणुसकीही आहे. प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाही. ज्या सरकारने त्यांना पाठवले त्याला त्या वाफ्यातून काय हवे होते, हा आहे.

१३)
जानेवारी १८०२. मरे यांना पोर्ट फिलिपच्या विशाल उपसागराचे अरुंद मुख दिसले. फेब्रुवारीत जहाज आत गेले. बूनवुरंग लोकांशी पहिल्या भेटीत देवाणघेवाण झाली. काही दिवसांतच भाले फेकले गेले, बंदुका चालल्या, पळणाऱ्यांच्या मागे जहाजावरून तोफाही डागल्या गेल्या. मार्चमध्ये मरे यांनी ब्रिटनचा ध्वज उभारला, फैरी झाडल्या आणि तिसऱ्या जॉर्जच्या नावाने प्रदेशाचा ताबा जाहीर केला. फेब्रुवारीत तोफ, मार्चमध्ये ध्वज. ‘शोधा’च्या कथेत यातला ध्वज येतो, तोफ तळटीपेत जाते, किंवा जातही नाही.

१४)
इथे एक गंमतही आहे. मरे यांनी त्या उपसागराला गव्हर्नर किंग यांचे नाव दिले होते. किंग यांनी ते बदलून वसाहतीचे पहिले गव्हर्नर फिलिप यांचे केले. एप्रिलमध्ये फ्लिंडर्स तिथे आले आणि हा शोध आपणच लावला अशा समजुतीत राहिले. मरे दहा आठवडे आधी येऊन गेल्याचे त्यांना सिडनीत कळले. एकाच जागेचा ‘शोध’ एकाच सरकारच्या दोन माणसांना अडीच महिन्यांच्या अंतराने लागतो आणि नाव तिसऱ्याचे लागते. शोध या शब्दाचा अर्थ किती पोकळ आहे, हे याहून कोणी अधिक चांगले दाखवू शकणार नाही.

१५)
आता त्या बावीस वर्षांकडे. सप्टेंबर १८०३ : लेडी नेल्सन आणि ‘अल्बियन’ हे व्हेलमारी जहाज मिळून जेमतेम पन्नास माणसे टास्मानियातील रिझ्डन कोव्ह येथे उतरवतात. फ्रेंचांनी आधी येऊ नये म्हणून ही घाई. आठ महिन्यांनी, ३ मे १८०४ रोजी, मोठ्या संख्येने आलेल्या आदिवासींच्या जमावावर तिथल्या सैनिकांनी गोळ्या आणि तोफ चालवली. जमावात बायका-मुले होती. मृतांचा आकडा तीनपासून पन्नासाच्या पुढेपर्यंत सांगितला जातो आणि वाद आजही मिटलेला नाही. अनाथ झालेले एक मूल वसाहतीने ठेवून घेतले आणि त्याचे रॉबर्ट हॉबार्ट मे असे नाव ठेवले. गोळ्या लेडी नेल्सनच्या माणसांनी झाडल्या नाहीत, हे स्पष्ट सांगतो. त्या वसाहतीची माणसे तिथे आणून सोडण्यात मात्र त्याचा वाटा होता.

१६)
मार्च १८०४ : सिडनीजवळ कॅसल हिल येथे कैद्यांनी बंड केले, त्यांत आयरिश कैदी पुष्कळ होते. बंड दोन दिवसांत चिरडले गेले, नऊ जणांना फाशी झाली. इतर अनेकांची रवानगी कोळशाच्या नदीवर झाली. १८०१ मध्ये लेडी नेल्सनने याच नदीची पाहणी केली होती. ३० मार्चला तेच जहाज, आणखी दोन नौकांसह, लेफ्टनंट चार्ल्स मेंझीस यांच्या हाताखाली बंडखोरांना घेऊन आले. आज ते शहर न्यूकॅसल म्हणून ओळखले जाते. अवाबकल लोक त्या जागेला मुलुबिंबा म्हणत. काळ्या पाण्याची सजा भोगणाऱ्यांसाठी हे आणखी आतले काळे पाणी : कोळसा खणा, देवदार तोडा, शिंपले जाळून चुना करा.

१७)
या दोन तारखांमधले अंतर पाहा. १८०१ मध्ये त्याच जहाजाने नदीची खोली मोजली, कोळशाचे थर पाहिले, नमुने घेतले. त्याला पुस्तके ‘विज्ञान’ म्हणतात. १८०४ मध्ये त्याच जहाजाने त्याच नदीत बेड्या घातलेली माणसे उतरवली. त्याला पुस्तके ‘प्रशासन’ म्हणतात. प्रकरणे वेगळी, लेखक वेगळे, कधी कधी ग्रंथालयातले कपाटही वेगळे. जहाज एकच. जमीन मोजणारा आला की मागून सारा मागणारा येतो, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याने तरी ही दोन प्रकरणे एकत्र वाचायला हवीत.

१८)
१८०४ च्या अखेरीस लेडी नेल्सन टास्मानियाच्या उत्तरेला पोर्ट डॅलरिंपलची वसाहत वसवणाऱ्या ताफ्यात होते. १८०६ मध्ये न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्सचे माओरी प्रमुख ते पाही यांना, गव्हर्नर किंग यांचा पाहुणचार संपवून, सन्मानाने घरी नेऊन सोडले. सोबत किंग यांनी दिलेले चांदीचे पदक होते. वसाहत सरकारला शिष्टाचारही ठाऊक होता, हे यातून दिसते. पण चारच वर्षांनी, ‘बॉइड’ जहाजावरील हत्याकांडाचा ठपका चुकून त्यांच्यावर ठेवून, व्हेलमाऱ्यांनी त्यांच्या वस्तीवर हल्ला केला. ते पाही त्या जखमांनी गेले. पदक लुटले गेले. ते एकदम २०१४ साली एका लिलावात प्रकट झाले.

१९)
१८०७ : नॉरफोक बेटावरची वसाहत खर्चिक वाटू लागल्याने सरकारने ती गुंडाळायचे ठरवले. पहिल्या ताफ्यातून आलेले, सजा संपवून शेतकरी झालेले, वीस वर्षे जमीन कसून घरे बांधलेले लोक तिथे होते. बहुतेकांना जायचे नव्हते. उठवलेल्यांची पहिली तुकडी, ३४ जण, नोव्हेंबरात लेडी नेल्सनमधून टास्मानियाच्या हॉबार्टला पोहोचली. आदिवासींची भूमी घेणारे सरकार आपल्याच वसाहतवाल्यांची भूमी किती सहज परत घेऊ शकत होते, हे इथे दिसते. सरकारी जहाज कोणाचेच नसते. ज्याच्या हाती हुकूमनामा त्याचे.

२०)
१८२१ : कैदी आणि शिपाई घेऊन आणखी दोन नौकांसह पोर्ट मॅक्वारी, बिरपाई लोकांच्या किनाऱ्यावर, नवी कैदीवसाहत. १८२४ : थेट उत्तर टोकाला, तिवी लोकांच्या मेलव्हिल बेटावर फोर्ट डंडास. मकासरहून येणाऱ्या समुद्रकाकडी गोळा करणाऱ्या नौकांचा व्यापार आपल्याकडे वळावा, ही आशा. व्यापार काही वळला नाही. तिवींनी भाल्यांनी विरोध केला, तापाने आणि कुपोषणाने लोक आजारी पडले, आणि १८२९ मध्ये किल्ला सोडून देण्यात आला. लेडी नेल्सनला तो दिवस पाहायचा नव्हता.

२१)
फेब्रुवारी १८२५ मध्ये किल्ल्यातले ताजे अन्न संपत आले. म्हशी आणि डुकरे विकत आणायला लेडी नेल्सन उत्तरेच्या बेटांकडे निघाले आणि परतले नाही. बाबर बेटाजवळ ते पकडले गेले, माणसे मारली गेली. त्याच कामावर पाठवलेले ‘स्टेडकोंब’ हे स्कूनरही तिमोर लाउत येथे बळकावले गेले. त्यावरचा जोसेफ फोर्ब्स हा मुलगा चौदा वर्षांनी, १८३९ मध्ये सुटला. त्या खलाशांचा मृत्यू भीषण होता आणि त्यात आनंद मानण्यासारखे काही नाही. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात मारणाऱ्यांसाठी ‘चाचे’ हा शब्द आहे. परक्या किनाऱ्यावर तोफ चालवून ध्वज लावणाऱ्यांसाठी मात्र त्यात ‘शोधक’ हा शब्द आहे. कोणता शब्द कोणाच्या वाट्याला येतो, ते लेखणी कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

२२)
आता आक्षेप. पहिला, नेहमीचा : ‘त्या काळची माणसे त्या काळच्या नीतीने जोखा.’ अवश्य जोखू. १७६८ साली कॅप्टन कुक निघाले तेव्हा रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड मॉर्टन यांनी त्यांना लेखी बजावले होते की, भेटणारे लोक हेच आपापल्या भूमीचे नैसर्गिक आणि कायदेशीर मालक आहेत. १८०२ च्या डिसेंबरात किंग यांनी ‘कंबरलंड’ हे सरकारी स्कूनर फ्रेंचांच्या मागे धाडले आणि किंग बेटावर फ्रेंच तंबूंच्या डोक्यावर झाडाला ध्वज टांगला. तेव्हा फ्रेंच नायक निकोला बोदँ यांनी किंग यांना पत्र लिहून सांगितले की, वस्ती असलेली भूमी युरोपियांनी बळकावण्यात आपल्याला न्याय दिसत नाही.

२३)
तिसरा साक्षीदार स्वतः किंग. लेडी नेल्सनला वेस्टर्न पोर्टला, पोर्ट फिलिपला, रिझ्डनला, कोळशाच्या नदीला पाठवणारा हाच गव्हर्नर. पद सोडल्यानंतर, १८०७ च्या सुमारास, आपल्या जागी आलेल्या ब्लाय यांच्यासाठी लिहिलेल्या टिपणात त्यांनी म्हटले की, आपण आदिवासींनाच या भूमीचे खरे मालक मानत आलो आहोत. म्हणजे माहीत नव्हते असे नाही. माहीत असून जहाज धाडले. त्या काळच्या नीतीचा दाखला देणाऱ्यांनी त्या काळचे हे तीन आवाज आधी वाचावेत.

२४)
दुसरा आक्षेप : ‘नकाशे तर उपयोगीच होते ना? त्यांनी कितीतरी जहाजे वाचवली.’ होय. खडक कुठे आहे हे सांगणारा नकाशा सगळ्यांना वाचवतो, कैद्यालाही, गव्हर्नरलाही. मी नकाशा खोटा म्हणत नाही. नकाशा कोणाच्या पैशाने, कोणत्या हुकुमाने आणि पुढच्या कोणत्या कामासाठी काढला गेला, हे त्याच्यासोबत सांगावे असे म्हणतो. रस्ता उपयुक्त आहे म्हणून तो कोणाच्या शेतातून काढला हा प्रश्न मिटत नाही.

२५)
तिसरा आक्षेप मला वैयक्तिक संदेशांतून हमखास येईल : ‘ऑस्ट्रेलियाचे आपल्याला काय?’ दोन उत्तरे. एक, त्या किनाऱ्यावर बारा हिंदुस्थानी लास्कर चालले होते आणि त्यांतला एकच पोहोचला. हा आपलाही इतिहास आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. आपल्याविषयी लिहिताना साम्राज्याची भाषा आपल्याला टोचते आणि इतरांविषयी लिहिताना तीच भाषा आपण बिनदिक्कत वापरतो. मग आपला राग अन्यायावर नसून केवळ आपल्यावर झालेल्या अन्यायावर होता, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला काय सांगणार?

२६)
म्हणून मागणी साधी आहे. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत, विश्वकोशीय नोंदींत आणि आपल्या अशा धाग्यांत जहाजाविषयी लिहाल तेव्हा तीन गोष्टी लिहा : त्याचा पगार कोण देत होते, त्याच्या पोटात काय होते आणि ते जिथे थांबले तिथे आधीपासून कोण राहत होते. ‘शोध लावला’ हे क्रियापद शक्यतो टाळा. पोहोचले, पाहिले, मोजले, नाव दिले, ताबा सांगितला, उतरवले, उठवले : मराठीत क्रियापदांचा तुटवडा नाही. लेडी नेल्सनने ही सातही कामे केली. मरे पोर्ट फिलिपला ‘पोहोचले’ आणि त्यांनी बूनवुरंग लोकांच्या भूमीवर ‘ताबा सांगितला’, असे एक वाक्य लिहून पाहा. माहिती तसूभरही कमी होत नाही. उलट आजवर त्या वाक्याबाहेर ठेवलेले लोक त्यात येऊन उभे राहतात.